दगडांची बदली

एका कॉलेजातून उठायचं आणि दुसऱ्या कॉलेजात जाऊन बसायचं, यात अवघड ते काय, असं मी भर सभेत बोलून गेलो, ही माझी पहिली चूक. सभा म्हणजे कार्पेटच्या दुकानातला माझा निरोपसमारंभ. हजर माणसं चौदा आणि त्यांतली दोन गिऱ्हाइकं, पण आमच्या ड्राय फोर्कमध्ये चौदा माणसांच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चार हजारांच्या कानावर गेलेली असते. केकवर साखरेचा हातोडा काढला होता. मॅनेजर भाषणात म्हणाला की सत्तावीस वर्षं ज्याने या काउंटीतल्या जमिनी झाकल्या, तो आता जमिनीखाली काय आहे ते बघायला निघाला आहे. टाळ्या झाल्या. मलाही भरून आलं, आणि भरून आलेला माणूस जे करतो ते मी केलं, म्हणजे भाषण केलं. राज्य विद्यापीठात भूविज्ञानाच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाला मी ऑगस्टअखेर बसणार, असं जाहीर केलं आणि वरचं वाक्य टाकलं.

माझं नाव वर्न हॅल्वर्सन, वय बावन्न. गावच्या कम्युनिटी कॉलेजात मी संध्याकाळचा वर्ग धरला तो कुंभारकाम शिकायला. तो वर्ग भरला होता म्हणून मला दगडांत टाकलं, आणि मी दगडांतच रमलो. दरीतल्या ज्या काळ्या कड्यांखालून मी आयुष्यभर कार्पेटची व्हॅन हाकत आलो, ते कडे म्हणजे एकावर एक पसरलेले लाव्हाचे थर आहेत, हे मला ज्या आठवड्यात कळलं, त्या आठवड्यात मी दोन घरांत भलत्याच रंगाचं कार्पेट घालून आलो. दोन वर्षं झाली, आणि गावात शिकण्यासारखं होतं ते संपलं. पुढचं विद्यापीठात, गाडीने दोन तासांवर. एवढीच पार्श्वभूमी.

जूनच्या शेवटी विद्यापीठाचं पत्र आलं. अभिनंदन पहिल्याच ओळीत होतं, तेवढं वाचून मी डोरीनला हाक मारली. डोरीन माझी बायको. काउंटीच्या वाहन परवाना कचेरीत बावीस वर्षं खिडकीमागे बसल्यामुळे कुठलंही अधिकृत पत्र ती खालून वर वाचते.

"यात तक्ता आहे," असं म्हणून तिने चष्मा लावला.

तक्त्यात डावीकडे मी काय शिकलो ते होतं आणि उजवीकडे विद्यापीठाने ते काय म्हणून मानलं ते. भूविज्ञानाची ओळख, चार क्रेडिट: इतर. पृथ्वीचा इतिहास: इतर. हवामानशास्त्र: इतर. 'इतर' म्हणजे आकड्यात जमा, पदवीत नाही. जसेच्या तसे मान्य झालेले विषय दोन. एक, सभेत बोलण्याची कला. दुसरा, जॅझ संगीताचा आस्वाद, जो मी केवळ गुरुवार रिकामा होता आणि त्या खोलीतला हीटर चालू असायचा म्हणून घेतला होता. म्हणजे विद्यापीठाच्या मते मी जॅझ ऐकत ऐकत भूविज्ञानाकडे निघालेला, बोलण्यात पटाईत असा एक इसम होतो.

कारण फार गहन होतं. आमच्या कॉलेजात भूविज्ञानाची ओळख हा विषय प्रयोगशाळेसकट एकच, चार क्रेडिटांचा. विद्यापीठात व्याख्यानांची तीन क्रेडिटं वेगळी आणि प्रयोगशाळेचं एक वेगळं. तीन अधिक एक चार होतात, हे मला माहीत होतं, डोरीनला माहीत होतं. विद्यापीठाच्या संगणकाला हे कुणी सांगायचं राहून गेलं होतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा पायाचा विषय पंधरा ऑगस्टच्या आत मान्य झाला नाही, तर तिसऱ्या वर्षाची माझी जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाईल.

"केक खाल्लास ना?" डोरीनने चष्मा काढून मिटला. "मग आता निस्तर."

या गोष्टी घरातल्या घरात ठेवाव्यात असं माझं मत होतं. परंतु आमच्या आणि क्लाइड ऑस्बीच्या अंगणात फक्त कमरेएवढं कुंपण आहे, आणि क्लाइड धान्याच्या कोठारावरून निवृत्त झाल्यापासून त्या कुंपणावर कोपरं टेकून उभा असतो. त्याचं म्हणणं पडलं की पत्रव्यवहार हा सगळ्या रोगांचं मूळ आहे. कागद माणसाला बिनदिक्कत नाही म्हणतो, पण माणूस माणसाला तोंडावर नाही म्हणताना कचरतो. तेव्हा मी समक्ष जावं. हे बोलणं पलीकडच्या मिसेस पर्डींनी ऐकलं आणि त्या झुकिनीचा, म्हणजे काकडीसारख्या एका भाजीचा, केक घेऊन आल्या. जुलैत त्यांच्या बागेत झुकिनीचं इतकं पीक येतं की सल्ला द्यायला त्या रिकाम्या हाताने कधीच येत नाहीत. त्यांचा एक भाचा असाच गावच्या कॉलेजातून विद्यापीठात गेला होता, इंजिनियर व्हायला. सहा वर्षांनी तो हॉटेल व्यवस्थापनाचा पदवीधर होऊन बाहेर पडला, आणि मधे हे केव्हा घडलं ते त्याला आजतागायत सांगता येत नाही. त्यावरून मिसेस पर्डींनी काढलेला निष्कर्ष असा की विद्यापीठ तर्काने हलत नाही, ते रडवावं लागतं.

योगायोग असा की अपिलाच्या फॉर्मवर खरंच लिहिलं होतं: आपण आयुष्यात कोणत्या अडचणीवर मात केलीत ते पाचशे शब्दांत लिहा. मी दोन दिवस विचार केला. मला अडचणी आल्या नव्हत्या असं नाही, पण त्यांच्यावर मात केल्याचं काही आठवेना.

"तुला मुतखडा झाला होता की," क्लाइड कुंपणावरून म्हणाला. "दगडाशी एवढी जवळची ओळख त्या विद्यापीठात कुणाची असेल?"

मी तो पाचशे शब्दांत लिहिला. डोरीनने वाचला आणि विचारलं की तीन दिवस दवाखान्यातल्या खुर्चीत कोण बसलं होतं. तिचा उल्लेख घातला. उल्लेख वाचून तिने शांतपणे आणखी चार मुद्दे सांगितले. चौथ्या मसुद्यात त्या निबंधाची अशी अवस्था झाली की तो वाचून विद्यापीठाने डोरीनला तत्काळ प्रवेश दिला असता. उत्तर आठवड्यात आलं. अपील समितीने मला लवकर बरं वाटावं अशी इच्छा व्यक्त केली होती आणि प्रयोगशाळेत केलेल्या कामाचा पुरावा मागितला होता.

पुरावा म्हणजे काय, ते पत्रात लिहिलं नव्हतं. माझ्या मते दगडांचा पुरावा दगडच. दोन वर्षांत गोळा केलेले, अंगावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकलेले एकसष्ट नमुने मी वर्तमानपत्रात गुंडाळून डोरीनच्या चाकांच्या सुटकेसमध्ये भरले. डोरीन म्हणाली की ही सुटकेस कपड्यांसाठी आहे. क्लाइड म्हणाला की बायका उगाच घाबरतात, आणि आपला पिकअप काढला. समक्ष जाण्याची कल्पना त्याची असल्यामुळे समक्ष काय होतं ते बघण्याचा हक्कही त्याचाच होता.

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला सव्वीस पायऱ्या आहेत. एकोणिसाव्या पायरीवर सुटकेसचं चाक तुटलं आणि अठराव्या पायरीवर सुटकेस. एकसष्ट नमुने आपापल्या स्वभावाप्रमाणे खाली गेले. अभ्रकाचा पापुद्रा जागच्या जागी बसला, वाळूचा दगड दोन पायऱ्यांत दमला, पण बेसाल्टचा एक चांगला गोल गोळा टप्पे खात थेट खालच्या फुलांच्या ताटव्यात गेला आणि तिथे फोटो काढून घेत असलेल्या एका कुटुंबाने आपल्या आजीला बाजूला ओढलं. क्लाइड तेवढ्यात एका अनोळखी प्राध्यापकाला गव्हाच्या भावाबद्दल काही समजावून सांगत होता, त्याने वळूनही बघितलं नाही.

सुरक्षा विभागाच्या बाई आल्या. अत्यंत सभ्य होत्या. त्यांनी मला विचारलं की प्रशासकीय इमारतीत एवढे दगड घेऊन येण्यामागे माझा हेतू काय आहे. माझा फेटाळलेला अर्ज मी पुराव्यादाखल दाखवला. त्यामुळे हेतू जास्तच स्पष्ट झाला असं त्यांना वाटलेलं दिसलं. आवारात फेकण्याजोग्या वस्तू आणायला मनाई होती. दगड पोत्यात भरून 'हरवले-सापडले'च्या खोलीत गेले, त्यांना चिठ्ठी लागली, आणि सत्तावीस वर्षांत एकदाही ज्याच्यावर कुणी आवाज चढवला नव्हता तो मी, छातीवर 'पाहुणा, सोबतीशिवाय फिरू नये' असा बिल्ला लावून, कॉलेज बदलून येणाऱ्यांच्या बदली विभागात शिरलो.

तिथे मिस्टर बेकस्ट्रँड बसत. पन्नाशीचे, बारीक, इस्त्रीचा शर्ट, टेबलावर एकही कागद वाकडा नाही. क्लाइडचा सिद्धांत त्यांनी अर्ध्या मिनिटात निकालात काढला: तोंडावर नाही म्हणताना ते जराही कचरले नाहीत. दगड बघण्याचा आपल्याला अधिकार नाही, आपण कागद बघतो, असं ते म्हणाले. विषय समान आहे की नाही ते भूविज्ञान विभाग ठरवील. पण फाइल पूर्ण असल्याशिवाय विभागाकडे जात नाही, आणि माझी फाइल पूर्ण नव्हती. त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"बत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही आणखी एका कॉलेजात होतात. अर्जात ते नाही."

मी ते साफ विसरलो होतो. विसाव्या वर्षी मी एका कॉलेजात सहा आठवडे होतो, आणि मग इकडेतिकडे पाच वर्षं काढून कार्पेटच्या दुकानात लागलो. त्या सहा आठवड्यांचा कागदोपत्री अवशेष एकच उरला होता. बॅडमिंटन, एक क्रेडिट, नापास.

आपल्या नावापुढे आजवर कुठलाच डाग नाही, अशा समजुतीत माणूस बावन्न वर्षं काढतो. परतल्यावर क्लाइडने ही बातमी आमच्या अंगणात पाय ठेवायच्या आधी कुंपणावरून डोरीनला दिली. डोरीनला नापास झाल्याचं काही नव्हतं. तिला वेगळंच कुतूहल होतं.

"बॅडमिंटन दोघांत खेळतात," ती म्हणाली. "दुसरं कोण होतं?"

त्या जुन्या कॉलेजकडून गुणपत्रिका मागवली. ती रोखून ठेवल्याचं उत्तर आलं, कारण व्यायामशाळेचं एक कुलूप मी परत केलेलं नव्हतं. व्यायामशाळा पंधरा वर्षांपूर्वी पाडली होती. तिला कुलूप लावायला दार उरलं नव्हतं, हे मी दूरध्वनीवर तीन जणांना समजावलं. तिघांनाही ते मनापासून पटलं. परंतु नोंद कुलपाची होती, दाराची नव्हती. डोरीन म्हणाली की त्यांचं बरोबर आहे, तिच्या खिडकीवरही तिने हेच सांगितलं असतं. त्या दिवशी मी माझं जेवण स्वतः गरम करून घेतलं.

क्लाइडकडे कोठाराच्या काळातली कुलपं खोकाभर होती. त्यातलं त्याने एक गंजकं निवडलं, विटेने घासून आणखी गंजकं केलं आणि माझ्या हातात ठेवलं. हे अप्रामाणिक आहे असं मी म्हणालो. ते नक्कीच अप्रामाणिक आहे, असं म्हणून मिसेस पर्डींनी त्याला बांधायला खाकी कागद आणून दिला. दहा दिवसांनी गुणपत्रिका आली आणि सोबत आभाराचं पत्र: आपण पाठवलेलं कुलूप आमच्याच संस्थेचं असल्याची तपासणीअंती खात्री झाली आहे. शिक्षणसंस्थांच्या तपासणीबद्दलचा माझा आदर त्या दिवशी जो खाली आला तो अजून वर गेलेला नाही.

फाइल पूर्ण झाली. जुलै संपत आला होता. या वेळी मी एकटा गेलो, हातात फक्त प्रयोगांची वही. बेकस्ट्रँडांनी फाइल तीनदा मोजली आणि भूविज्ञान विभागाचा फॉर्म दिला. विषय समान असल्याची विभागाची सही आणायची, बस. मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. पाट्या वाचत वाचत बोळाच्या टोकाला पोचलो. झाडूच्या खोलीशेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि आत खोक्यांच्या मधोमध ओयामा मॅडम वह्या तपासत बसल्या होत्या.

ओयामा मॅडम म्हणजे गावच्या कॉलेजातल्या माझ्या शिक्षिका. भूविज्ञानाची ओळख मला त्यांनीच करून दिली, पृथ्वीचा इतिहासही त्यांचाच. सोमवार-बुधवार त्या आमच्याकडे असत. मंगळवार-गुरुवार त्या कुठे असतात, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. शिक्षक वर्गाबाहेरही कुठेतरी असतात, हे लक्षात यायला विद्यार्थ्याला बावन्न वर्षांचं वयसुद्धा पुरत नाही.

मी विचारलं की त्या इथे काय शिकवतात.

"भूविज्ञानाची ओळख," त्या म्हणाल्या. "तेच पुस्तक. तीच चित्रं. कांद्याच्या पापुद्र्यांचा विनोदही तोच, फक्त इथे हसायला माणसं जास्त आहेत."

मी फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते हसू होतं की दुसरं काही, ते मला कळलं नाही.

"म्हणजे मॅडम," मी म्हणालो, "सोमवारी तुम्ही जे शिकवता, ते मंगळवारी तुम्हीच मानत नाही?"

"मी मानते, वर्न. मला मानायचा अधिकार नाही."

त्या तासावर नेमलेल्या होत्या, अकरा वर्षं; वेळापत्रकात त्यांचं नावही कधी छापलेलं नसे. सही कायम प्राध्यापकाची लागते, आणि या कामाचे कायम प्राध्यापक डॉक्टर कून आइसलंडमध्ये होते, सप्टेंबरपर्यंत. मी खोक्यावर बसलो. दगड गेले होते, चारित्र्यावर बॅडमिंटन आलं होतं, कुलपाचं पाप डोक्यावर होतं, आणि दोन आठवडे उरले होते. घरी जाऊन मॅनेजरला फोन करावा, कार्पेटच्या गोदामात काही असेल तर बघावं, असंही मनात येऊन गेलं. मॅडमनी माझी वही उघडली, चार पानं उलटली, आणि कून यांना ईमेल लिहायला बसल्या. सगळं लिहून झाल्यावर त्यांनी मला वाचून दाखवलं. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी लिहिलेलं मी आधी ऐकलं नव्हतं, निरोपसमारंभ धरूनही.

कून यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: अनोळखी माणसाच्या फॉर्मवर आपण सही करत नाही, शुक्रवारी तुमच्या सकाळी सातला मी त्यांच्याशी फोनवर समोरासमोर बोलेन.

शुक्रवारी सातला स्वयंपाकघरात फोन साखरेच्या डब्याला टेकवून मी कोट घालून बसलो. डोरीन कामावर जायच्या तयारीत उभी होती. क्लाइड आणि मिसेस पर्डी कॉफीला म्हणून आले होते आणि काही झालं तरी बोलायचं नाही, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. पडद्यावर आधी नुसतं वारं दिसलं, मग दाढी, मग डॉक्टर कून. ते एका डोंगराच्या पायथ्याशी उभे होते. अभ्यासक्रम, क्रेडिटं, वही, यांची उत्तरं मी कागदावर काढून ठेवली होती. त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. फोन वळवून मागचा डोंगर दाखवला.

"काय दिसतं?"

आधी मला घाम दिसला, माझाच. मग डोंगर दिसला. काळा कडा, त्याच्यावर काळा कडा, आणि दोघांच्या मधे विटेच्या रंगाची एक बारीक पट्टी, कडेने कडेने लांबपर्यंत गेलेली.

"खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा," मी म्हणालो. "पण वरचा लगेच आलेला नाही. मधे फार मोठा काळ काहीच झालं नाही. तेवढ्यात खालचा दगड झिजला, त्याची माती झाली. त्या मातीत काही उगवलंही असेल. आणि मग वरून पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. लाल दिसतं ते ती माती आहे. आमच्या दरीतही अशी एक पट्टी आहे, पेट्रोल पंपाच्या मागे. मी तिथे डबा खायला थांबायचो. हजारो वर्षं म्हणजे नुसता आकडा वाटायचा मला, पण ती पट्टी बोटाने मोजता येते. एवढीशी आहे."

एवढीशी म्हणजे केवढी ते मी बोटांनी दाखवलं. आइसलंडमध्ये वारा सुटला होता.

"दर वर्षी मी तिसऱ्या वर्षाला हे दाखवतो," कून म्हणाले, "आणि दर वर्षी ती मुलं सांगतात, लाल पट्टी. फॉर्म पाठवा."

फोन बंद झाला. क्लाइडने नाक शिंकरलं. डोरीन हातात गाडीच्या किल्ल्या घेऊन तशीच उभी होती.

"त्या पंपाच्या मागे," ती म्हणाली, "मला कधी नेलं नाहीस."

रविवारी मी तिला नेलं. पण ते नंतरचं. आधी सही. कून यांनी ईमेलने आलेला फॉर्म छापून घेतला, गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली, तिचा फोटो काढून पाठवला आणि मूळ कागद तिथल्या पोस्टात टाकला. मी फोटो छापून घेतला आणि बारा ऑगस्टला बेकस्ट्रँडांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सहीवर बोट घासून बघितलं.

"ही शाई नाही," ते म्हणाले.

हा सहीचा फोटो आहे, सही आइसलंडहून निघाली आहे, असं मी सांगितलं. सही आली की ती आपण आनंदाने स्वीकारू, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरं असावं. पंधरा तारखेपर्यंत मात्र फाइलमध्ये शाई हवी. मी उठलो नाही. सत्तावीस वर्षांत मी गिऱ्हाइकासमोर कधी असा बसलो नव्हतो, गिऱ्हाईक मात्र माझ्यासमोर पुष्कळदा असं बसलं होतं, त्यामुळे पद्धत माहीत होती. पाच-सात मिनिटांनी बेकस्ट्रँडांनी खण उघडला आणि नियमांचं पुस्तक काढलं. त्यात एक वाट होती. पायाचा विषय मान्य नसला, तरी तो विद्यार्थी त्याच सत्रात तो विषय विद्यापीठात पुन्हा घेत असेल, तर जागा राखून ठेवता येते.

म्हणजे जे मी शिकलो होतो, ते ज्यांनी शिकवलं होतं त्यांच्याकडूनच, त्याच पुस्तकातून, परत शिकायचं. मी त्याच टेबलावर नाव घातलं.

वर्ग एकशे ऐंशी जणांचा होता. पहिल्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसलो, आणि मागच्या तीन रांगा माझ्याकडे बघून गप्प झाल्या, कारण मला त्यांनी तपासणीला आलेला अधिकारी समजलं. ओयामा मॅडम आल्या. त्यांची माझी नजरानजर झाली. त्या तशाच कांद्याच्या पापुद्र्यांवर गेल्या. मी हसलो. ते वेळेआधी झालं, विनोद अजून यायचा होता.

सत्र चांगलं गेलं. प्रयोगशाळेत एकोणीस वर्षांच्या तीन मुली माझ्या गटात होत्या. त्या मला मिस्टर एच म्हणत आणि माझी वही उतरवून घेत. डिसेंबरात एकाच दिवशी दोन कागद आले. पहिला बेकस्ट्रँडांचा: डॉक्टर कून यांची शाईतली सही नियमानुसार नोंदवण्यात आली असून आपला पूर्वीचा विषय मान्य झाला आहे, सबब या सत्रात तो पुन्हा घेण्याची आपणास आवश्यकता नव्हती. दुसरा निकाल. गावच्या कॉलेजात याच विषयात, याच बाईंकडून, मला ए मिळाला होता. विद्यापीठात बी.

मिसेस पर्डींचं मत पडलं की हे हॉटेल व्यवस्थापनाचं पहिलं लक्षण आहे. क्लाइडने पिकअप सुरू केला. मी त्याला तो बंद करायला लावला आणि एकटाच गेलो.

ओयामा मॅडम खोली आवरत होत्या. सुट्टीत त्यांची खोली दुसऱ्या कुणाला द्यायची होती म्हणून नमुन्यांची खोकी गाडीत न्यायची होती. मी एक खोकं उचललं आणि जिन्यात विचारलं की माझं चुकलं कुठे.

"कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही पेपरात चारांपैकी दोन दोन पर्यायांवर खुणा केल्यात, आणि समासात लिहिलंत की परिस्थितीप्रमाणे दोन्ही बरोबर असू शकतात."

"असू शकतात ना?"

"असू शकतात. गावात वीसजण होतात, मी समास वाचायची. इथे पेपर यंत्र तपासतं, आणि यंत्र समास वाचत नाही."

आम्ही खोकी गाडीत ठेवली. त्यांना दोन तास गाडी हाकत जायचं होतं, आमच्याच गावाला, तिथल्या सत्राचा शेवटचा वर्ग घ्यायला. काच खाली करून त्यांनी विचारलं की पुढच्या सत्रात मी काय घेतलं आहे.

"खनिजशास्त्र," मी म्हणालो. "पण कोण शिकवणार ते कळत नाही. वेळापत्रकात नावाच्या जागी 'नंतर कळवण्यात येईल' असं छापलंय."

"मग ती मीच," मॅडम म्हणाल्या, आणि गाडी सुरू केली.